कॅनीची लढाई एका संध्याकाळी दोनदा: ‘कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स’

माझ्या मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी वॉरगेम खेळणं सोडलं, ते डोळ्यांमुळे. तोवर आम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्व आघाडीवरचा एक भलामोठा खेळ खेळत होतो. अर्ध्या इंचाचे पुठ्ठ्याचे काउंटर, प्रत्येकावर तुकडीचं चिन्ह, हल्ल्याचा आकडा, बचावाचा आकडा, चालीचा आकडा, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ती तुकडी कितव्या पाळीला मैदानात उतरणार ते. असे तीन-तीन काउंटर एकावर एक रचलेले. ती चिमट्याने वरचा उचलायची, भिंगातून खालचा वाचायची, आणि तोवर मनात बांधलेली चाल निसटून जायची. एका संध्याकाळी चिमटा टेबलावर ठेवून म्हणाली, “अगं, मी लढतच नाहीये. नुसती वाचत बसलेय.” त्यानंतर भेटीगाठी होत राहिल्या, पण पट काही उघडला नाही.

म्हणून नवा खेळ शोधताना मी सगळ्यात आधी पाहिलं ते हे, की एक हात लांबून काय दिसतं. ‘कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स’मध्ये सगळं दिसतं. पटावर लाकडी ठोकळे उभे राहतात, त्यांवर सैनिकाचं ठळक चित्र, आणि चित्राशेजारी एक रंगीत खूण. हिरवं वर्तुळ म्हणजे हलकं सैन्य, निळा त्रिकोण म्हणजे मध्यम, लाल चौकोन म्हणजे जड. हल्ल्या-बचावाचे आकडे ठोकळ्यावर नाहीतच. पायदळाचं पथक चार ठोकळ्यांचं, घोडदळाचं तीन, हत्तींचं दोन, सेनापतीचा एकच. पथकाला मार बसला की एक ठोकळा उचलायचा. किती जीव उरलाय ते मोजून दिसतं, वाचावं लागत नाही. माझ्या मैत्रिणीसाठी या एका गोष्टीवर मी पूर्ण गुण द्यायला तयार होते, पण खेळ त्याहून बराच पुढे गेला.

थोडी ओळख करून देते. हा खेळ रिचर्ड बोर्ग यांचा, जीएमटी गेम्सने २००६ साली काढलेला. याच घराण्यातला अमेरिकन यादवी युद्धावरचा ‘बॅटल क्राय’ त्याआधीचा, आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा ‘मेमॉयर ४४’ २००४चा. तो अनेकांनी खेळला असेल. पद्धत तीच, पण इथे मामला प्राचीन आहे. एका बाजूला उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, दुसऱ्या बाजूला रोम किंवा सिसिली बेटावरचं ग्रीक शहर सिरॅक्यूज. मूळ पेटीत पंधरा लढाया आहेत. सुरुवात इ.स.पू. ४०६च्या अक्रागासपासून, शेवट इ.स.पू. २०२च्या झामाला. एक लढाई साधारण तासाभरात निकालात निघते, त्यामुळे एका संध्याकाळी दोन सहज होतात, आणि माझ्या मते दोन व्हायलाच हव्यात. ते का, हे पुढे सांगते.

पेटी उघडल्यावर लगेच खेळता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. साडेतीनशेच्या आसपास ठोकळे कोरे येतात आणि स्टिकर वेगळे. चित्र दोन्ही बाजूंना लावायचं, कारण ठोकळा उभा राहतो आणि समोरच्यालाही तो दिसला पाहिजे. (ठोकळ्यांचे काही खेळ शत्रूपासून चित्र लपवण्यासाठीच असतात. इथे लपवाछपवी नाही, दोन्ही सैन्यं उघड्यावर.) मी औषधनिर्माती आहे. छोट्या गोष्टी मोजून, सरळ लावून, कप्प्यांत ठेवणं हे माझं रोजचं काम. तरी दोन संध्याकाळी गेल्या. मला त्या आवडल्या. पहिल्या संध्याकाळी रोमन पथकं, दुसऱ्या संध्याकाळी कार्थेजची. चिमट्याने स्टिकर उचलून कडेला कड जुळवताना प्रत्येक पथक हातावेगळं होत जातं, आणि डाव मांडायच्या आधीच सैन्याची ओळख होते. गोफणवाले कोण, धनुर्धारी कोण, कोणाकडे ढाल मोठी, कोण घोड्यावर. एकच सल्ला: एका बाजूचे सगळे स्टिकर लावून होईपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावू नका, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा कप्पा करा. कप्प्यांचा डबा नसेल तर मांडणीतच अर्धा तास जातो. असेल तर दहा-पंधरा मिनिटं.

आता खेळ कसा चालतो ते.

पट षटकोनी घरांचा आहे, रुंदीला तेरा, खोलीला नऊ. दोन तुटक रेषांनी त्याचे तीन भाग केलेले: डावी बगल, मध्य, उजवी बगल. खेळाडूच्या हातात पानं असतात. ‘डावीकडच्या तीन पथकांना हुकूम’, ‘मधल्या दोन पथकांना हुकूम’, अशी बरीचशी. एक पान टाकायचं, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पथकांना हलवायचं, भिडवायचं, नवीन पान उचलायचं. संपली पाळी. साठ पानांच्या गड्डीत काही खास पानंही आहेत. ‘लाइन कमांड’ एकमेकांना खेटून उभी असलेली पायदळाची अख्खी फळी एकदम पुढे नेतं. ‘माउंटेड चार्ज’ घोडदळाला एक जादा फासा देतं. ‘फर्स्ट स्ट्राइक’ समोरचा अंगावर आला की त्याच्या आधी वार करू देतं. हातात किती पानं धरायची हे लढाईगणिक बदलतं, आणि ज्याचा सेनापती खरोखर कुशल होता त्याच्या हातात ती जास्त. कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याच्या बाजूने बसलं की निवडीला वाव असतो. एखाद्या गोंधळलेल्या कॉन्सलच्या (रोमच्या वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या) बाजूने बसलं की जे हातात आहे तेच टाकावं लागतं.

माझी मैत्रीण बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवत होती. नियम समजावून घेताना ती इथेच थांबली. म्हणाली, “म्हणजे उजवी बगल कोसळतेय हे मला दिसतंय, आणि माझ्याकडे उजवीकडचं पानच नाही?” मी हो म्हटलं. तिने पानं पुन्हा एकदा लावली, पाहिली, आणि म्हणाली, “बरोबर आहे. निरोप्या पोचलाच नाही.” आमच्या जुन्या खेळात दर पाळीला प्रत्येक काउंटर हलवता यायचा. शेकडो तुकड्या, आणि सगळ्या आज्ञाधारक. इथे हजारो माणसांच्या गदारोळात सेनापतीचा आवाज जिथवर पोचतो तिथवरच त्याचं सैन्य, हे न सांगता कळतं.

फासेही वेगळे. आकडे नाहीत. सहा बाजूंवर हिरवं वर्तुळ, निळा त्रिकोण, लाल चौकोन, तलवारी, झेंडा आणि शिरस्त्राण. हलकं पायदळ दोन फासे टाकतं, मध्यम चार, जड पाच. समोरच्या पथकाचा रंग पडला की एक ठोकळा गेला. तलवारींनीही जातो, पण हलक्या पायदळाच्या तलवारी धरत नाहीत. शिरस्त्राण चालतं ते सेनापती सोबत किंवा शेजारी असेल तर. झेंडा म्हणजे माघार. मार खाऊनही जागेवर उभं राहिलेलं पथक लगेच उलट वार करतं, म्हणून हल्ला करण्याआधी दोनदा विचार करावा लागतो. हलकी पथकं अंगावर आलेल्या जड पथकाला चुकवून सटकू शकतात. शत्रूचं पथक संपवलं किंवा सेनापती पाडला की एक निशाण आपलं. ठरलेली निशाणं आधी मिळवेल तो जिंकला.

वीस मिनिटांत नियम झाले. भिंगाची आठवण कोणालाच आली नाही.

कॅनी तिनेच निवडली. इ.स.पू. २१६, ऑगस्टची २ तारीख, इटलीच्या दक्षिणेत ऑफिडस नदीकाठी. ठोकळे मांडता मांडता ती सांगत होती आणि मी ऐकत होते. वर्गात ती अशीच शिकवत असणार, हातात खडूऐवजी ठोकळा एवढाच फरक. प्राचीन वृत्तांतांनुसार रोमनांचं पायदळ ऐंशी हजारांच्या घरात, हॅनिबलचं चाळीस हजारांच्या. घोडदळात मात्र हॅनिबल वरचढ, दहा हजार विरुद्ध सहा हजार. दोन कॉन्सल, पॉलस आणि व्हॅरो, एक दिवसाआड सेनापती. त्या दिवशी पाळी व्हॅरोची. त्याने पायदळाच्या तुकड्या नेहमीपेक्षा जवळ जवळ उभ्या केल्या आणि फळी खूप खोल केली. एवढ्या वजनाने हॅनिबलचा मध्य फुटेलच, हा हिशेब. हॅनिबलने मध्यात गॉल आणि स्पॅनिश योद्धे पुढे काढून ठेवले, दोन्ही टोकांना आफ्रिकन पायदळ राखून ठेवलं. मध्य मागे सरकत गेला, रोमन आत शिरत गेले, टोकं मिटली, आणि घोडदळ फिरून पाठीवर आलं.

हे सगळं ऐकूनही मी रोम घेतलं आणि व्हॅरोने केलं तेच केलं. हातात ‘लाइन कमांड’ होतं ना! अख्खी फळी एकदम पुढे नेण्याचा मोह आवरत नाही. पहिल्या दोन-तीन पाळ्या झकास गेल्या. तिचा मध्य मागे हटला, एक निशाण माझ्याकडे आलं. मग तिने ‘माउंटेड चार्ज’ टाकलं आणि माझ्या बगलेचं घोडदळ एका पाळीत विस्कटलं. घोडदळाने जिंकलं की ते रिकाम्या झालेल्या घरात शिरून पुन्हा एक वार करतं, आणि तिने तो केला.

ज्या क्षणासाठी मी हे लिहायला घेतलं तो यानंतरचा. माझं एक मध्यम पायदळ पहिल्या फळीत उभं होतं, पूर्ण चार ठोकळ्यांचं. डावी-उजवीकडे माझीच पथकं, मागेही माझीच दुसरी फळी, अगदी पाठीला पोट लावून. मला ते अभेद्य वाटत होतं. नियमही तसं म्हणतो: शेजारी आपली दोन पथकं असतील तर एक झेंडा मनावर घ्यायचा नाही, कारण शेजाऱ्यांचा धीर असतो. तिने चार फासे टाकले. एक निळा त्रिकोण, एक हिरवं वर्तुळ, दोन झेंडे. त्रिकोणाने एक ठोकळा गेला. वर्तुळ वाया. पहिला झेंडा शेजाऱ्यांच्या आधाराने झटकून टाकला. दुसऱ्या झेंड्याला एक घर मागे जायला हवं होतं, आणि मागे जागा नव्हती. जिथे माघार घेता येत नाही तिथे हुकलेल्या प्रत्येक घरासाठी एक ठोकळा गमवायचा. माझ्याच माणसांनी माझ्या माणसांची वाट अडवली होती. चारातले दोन गेले.

आम्ही दोघी त्या एका घराकडे बघत राहिलो. कॅनीत रोमन एवढे दाटीवाटीने कोंडले गेले, की अनेकांना हत्यार चालवायला जागा उरली नाही. पुस्तकांतून हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. पण ते समजलं तेव्हा, जेव्हा ठोकळा हातात होता आणि तो ठेवायला मागे घर नव्हतं. नियमपुस्तिकेत कुठेही ‘कॅनीसाठी खास नियम’ म्हणून हे लिहिलेलं नाही. माघारीचा साधा नियम आहे, प्रत्येक लढाईत लागू होणारा. गर्दीचं बळ आणि गर्दीचा घात दोन्ही त्याच एका नियमातून बाहेर येतात. एक झेंडा पडला तर गर्दी वाचवते, दोन पडले तर गर्दी मारते. एवढ्या कमी शब्दांत एवढा मोठा अनुभव उभा करणारा नियम मी इतर कोणत्याही खेळात पाहिलेला नाही.

पुढे पॉलसही गेला. तो एका पथकासोबत होता. पथकाचा एक ठोकळा पडला, पथक टिकलं. अशा वेळी सेनापती वाचला का हे पाहायला दोन फासे टाकतात, आणि दोन्हींवर शिरस्त्राण आलं तरच तो पडतो. छत्तीसात एकदा. तिने फासे टाकले ते नुसते रिवाज म्हणून, नजर पुढच्या पानावर होती. मीच म्हटलं, “अगं, बघ.” दोन्ही शिरस्त्राणं. पॉलस खऱ्या कॅनीतही तिथेच पडला, व्हॅरो निसटला. मैत्रिणीने तो ठोकळा उचलला आणि बाजूला आडवा न टाकता उभा ठेवला. काही बोलली नाही. दोन पाळ्यांनी डाव संपला, मी पुरती हरले.

आता बाजू बदलण्याबद्दल. हा खेळ एकदाच खेळून त्याचं मोजमाप करू नये. लढाया इतिहासाप्रमाणे मांडलेल्या असल्यामुळे दोन्ही बाजू समान नसतात, आणि तशा नसाव्यातच. ट्रॅसिमीन सरोवराची लढाई, इ.स.पू. २१७ची, रोमनांना फार जड जाते. धुक्यात, सरोवर आणि टेकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर गाठलेलं सैन्य आणखी कसं लढणार? म्हणून एकच लढाई बाजू बदलून दोनदा खेळायची आणि दोन्ही डावांची निशाणं जोडून निकाल लावायचा. पण बेरीज-वजाबाकी हा लहान फायदा. मोठा फायदा असा, की दुसऱ्या डावात आपण नुकतीच आपल्याला नडलेली जागा समोरून पाहतो.

तिने रोम घेतलं. मी हॅनिबल. पहिल्या चार पाळ्या तिने मध्याला जवळजवळ हात लावला नाही. बगलेवरची लहान पानं टाकत राहिली, घोडदळ मागे ओढलं, हलकी पथकं पुढे पाठवून माझ्या मध्यावर भाले फेकत राहिली. मी अंगावर गेले की ती सटकायची. माझी पानं खर्च होत होती आणि हाती काही लागत नव्हतं. मग मध्याची पानं जमली तेव्हा तिने पहिली फळी पुढे काढली आणि दुसरी जागेवरच ठेवली. मध्ये एक ओळ रिकामी. मी विचारलं, “हे काय?” म्हणाली, “श्वास घ्यायला जागा.”

मग तिने समजावलं. रोमन पायदळ एरवी असंच उभं राहायचं, तुकड्यांमध्ये फटी ठेवून, मागच्या फळीची तुकडी पुढच्या फटीमागे, बुद्धिबळाच्या पटावरच्या एकाआड एक घरांसारखं. पुढची थकली की फटीतून मागे, मागची पुढे. कॅनीच्या दिवशी त्यांनी नेमक्या त्या फटीच मिटवल्या होत्या. तिने वर्षानुवर्षं फळ्यावर ती आकृती काढली होती, आणि आज ती आकृती तिच्या कामी येत होती. माझे झेंडे पडत होते, तिची पथकं एक घर मागे सरकत होती, आणि दुसऱ्या पाळीत पुन्हा पुढे येत होती. ठोकळा एकही जात नव्हता. शेवटी मी एका निशाणाने हरले. त्या संध्याकाळी मला दोन्ही वेळा हार मिळाली, आणि मला माझ्या मैत्रिणीचा चेहरा बघून फार आनंद झाला. दोन वर्षांनी ती लढत होती.

आता काही गोष्टी, ज्यांवर आमचं एकमत झालं नाही.

पथकाचा एकच ठोकळा उरला तरी ते तेवढेच फासे टाकतं, बहुतेक पथकांच्या बाबतीत. मैत्रिणीला हे खटकलं. तीन चतुर्थांश माणसं मेल्यावर तेवढाच वार कसा? मला ते पटतं. ठोकळे म्हणजे डोकी नव्हेत, पथकाची उभं राहण्याची ताकद आहे. प्राचीन लढाईत समोरासमोर उभे असताना माणसं त्या मानाने कमी मरत. फळी फुटली, पाठ फिरली, की कत्तल व्हायची. म्हणून शेवटचा ठोकळा पडेपर्यंत पथक लढतं आणि तो पडला की एकदम नाहीसं होतं, हे मला खऱ्याच्या जवळचं वाटतं. तिचं म्हणणं, मग ते खेळाडूला आधीच सांगायला हवं. हा मुद्दा मला मान्य आहे. नव्या माणसाला शिकवताना ही गोष्ट पहिल्यांदा सांगा, नाहीतर अर्ध्या डावात वाद होतो.

नशीब. फासे आहेत, पानं आहेत, म्हणजे नशीब आलंच. एखाद्या डावात डावीकडची पानं हातात साचून राहतात आणि लढाई उजवीकडे चाललेली असते. यावर उपाय म्हणजे सुरुवातीच्या शांत पाळ्यांत हात घडवणं. नको असलेली पानं तेव्हाच लहान चालींत खर्च करायची, चांगली राखून ठेवायची. पत्ते खेळणाऱ्या माणसाला हे लगेच जमतं. पण ज्यांना प्रत्येक पथकावर प्रत्येक पाळीला पूर्ण ताबा हवा, ज्यांना बुद्धिबळासारखा निर्मळ हिशेब आवडतो, त्यांनी हा खेळ घेऊ नये. त्यांना तो छळेल. रसद, आठवडेभराच्या हालचाली, मोहिमेचं राजकारण यातलंही इथे काही नाही. लढाईच्या दिवशी सकाळी पडदा उघडतो, संध्याकाळी पडतो, बस्स.

उभे ठोकळे बाहीने पडतात, त्यामुळे बाह्या दुमडून बसा. दिवा एका बाजूने नको, वरून हवा, नाहीतर एका ओळीची सावली दुसरीवर पडते आणि हिरवा-निळा ओळखताना पुन्हा डोळे ताणावे लागतात. आम्ही पहिल्या डावानंतर दिवा हलवला.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर अक्रागास. ती पहिलीच आहे आणि शिकायला सोपी. ट्रॅसिमीन पहिल्या दिवशी नको, रोमन बाजूचा माणूस पुन्हा खेळायला येणार नाही. कॅनी तिसऱ्या-चौथ्या बैठकीत, नियम हातात बसल्यावर. आम्ही घाई केली, पण आम्हाला जुन्या खेळांची सवय होती. पुढे जायचं असेल तर विस्तारसंच बरेच आहेत. पहिला ग्रीस आणि पूर्वेकडच्या राज्यांचा. त्यात अलेक्झांडरच्या लढाया आहेत, इ.स.पू. ३२६ची पोरसविरुद्धची झेलमकाठची लढाईही. मैत्रिणीने त्याची चौकशी त्याच रात्री केली. शाळेत हा धडा तिने किती वर्गांना शिकवला असेल, आणि आता तिला स्वतः हत्ती हलवायचे आहेत.

हत्तींवरून झामा. कॅनी दोनदा झाल्यावरही तिला उठवेना, म्हणून रात्री उशिरा आम्ही तो डाव मांडला. इ.स.पू. २०२, आफ्रिकेच्या भूमीवर, कॅनीनंतर चौदा वर्षांनी. समोर रोमन सेनापती स्किपिओ. हॅनिबलकडे ऐंशी हत्ती होते म्हणतात, पण कार्थेजच्या शेजारच्या न्यूमिडियाचं नावाजलेलं घोडदळ या वेळी तिथल्या मॅसिनिसा राजाबरोबर रोमच्या बाजूला. खऱ्या झामात स्किपिओने पायदळात हत्तींसाठी मोकळ्या गल्ल्या ठेवल्या, शिंगांच्या आवाजाने काही हत्ती बिथरून आपल्याच लोकांवर फिरले. खेळातला हत्तीही तसाच. मारायला भयंकर, पण झेंडा पडला की माघारी जाताना शेजारच्या प्रत्येक पथकाला तुडवतो. आपलं की परक्याचं हे तो बघत नाही.

या वेळी हॅनिबल ती होती. तिने हत्ती पुढे काढले तेव्हा त्यांच्या आजूबाजूची आपली सगळी पथकं आधी एकेक घर लांब नेली. त्यात तिची दोन पानं गेली, आणि तेवढ्या वेळात माझं घोडदळ तिच्या उजव्या बगलेपर्यंत पोचलं. निशाणं तीन-तीन झाली होती तेव्हा घड्याळ पाहिलं.

डाव मोडला नाही. पट टेबलावर तसाच आहे, वर एक पातळ चादर, चार कोपऱ्यांना चार जाड पुस्तकं, म्हणजे कापड ठोकळ्यांना लागत नाही. हातातली पानं दोन पाकिटांत घालून आम्ही एकमेकींच्या देखत चिकटवली. चाल तिची आहे. सकाळी तिचा फोन आला, माझं पायदळ नक्की कोणत्या घरात आहे ते विचारायला. मी चादर उचलून बघितलं आणि सांगितलं.